कापणारा आणि धरणारा

पपईच्या तिसऱ्या फोडीला कांद्याची चव लागली, आणि रुपाली घाडी चावता चावता थांबली. परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावर भिवाची गाडी आहे. एका अंगाला सँडविच, दुसऱ्या अंगाला कापलेली फळं, मध्ये भिवा आणि त्याची एकुलती एक सुरी. सहा वर्षं ती सकाळी दहाच्या सुमाराला इथे फळांची प्लेट खात आली होती आणि आजवर तक्रार म्हणून केली नव्हती. "भिवादादा, सुरी धुतली नाहीस काय?" "धुतली की! तुझ्यासमोरच पाणी मारलं ना, ताई." "मग हा कांदा कुठून लागतोय?" भिवा हसला. "अगं, पाणी मारलं म्हणून कांदा जातो काय लगेच? राहतो थोडा. आण इकडे, दुसरी देतो करून." तिने प्लेट पुढे केलीच नाही. तशीच हातात धरून उभी राहिली. तोंडातली फोड गिळावी की थुंकावी, एवढंही तिला ठरवता येईना. राहतो थोडा. कुणीतरी पाठीमागून हाक मारावी तसे ते दोन शब्द तिला लागले. तिला समोर पपई दिसतच नव्हती. तिला दिसत होती चौथ्या मजल्यावरच्या थंड खोलीतली बोटभर काचेची नळी, तिच्यात भरलेले निळसर हिरवे बारीक मणी, आणि नळीवर चिकटवलेल्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं, 'धुतलं'.

आता हे मणी कसले आणि त्यांचं एवढं काय मोठं, हे सांगितल्याशिवाय ही बाई भर रस्त्यात पांढरी का पडली ते कळायचं नाही. रुपाली लालबागची. वडील गणपत घाडी गिरणीच्या रंगखात्यात होते, त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आई लक्ष्मी, गिरणी होती तेव्हाही आणि गेली तेव्हाही, पंधरा-वीस माणसांचे डबे करत राहिली. मुलगी मात्र परळच्या संशोधन संस्थेत डॉक्टर उर्मिला विजयकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती, आणि विषय काय, तर कढत पाण्यात राहणाऱ्या जिवांची कात्री. आर्किया म्हणतात त्या जिवांना. डोळ्यांना न दिसणारे, जिवाणूंसारखे वाटणारे पण त्यांच्या घराण्यातले नव्हेत, पृथ्वी कोवळी होती तेव्हापासूनचे. त्यांच्या पेशीत आरएनएचा एक आखूड धागा तयार होतो. प्रथिनं जिथे घडतात तिथे माल वाहून नेणं हे त्याचं काम. पण कित्येकदा तो जन्मतो तोच मध्ये एक जादा तुकडा घेऊन. तो तुकडा आहे तोवर धागा काही कामाचा नाही. म्हणून एक एन्झाइम येतं. जादा तुकड्याच्या दोन्ही कडांना धागा जरासा फुगलेला असतो, ते दोन फुगवटे ते बरोबर ओळखतं, तिथे कापतं, तुकडा बाहेर. मागून दुसरं एन्झाइम येऊन उरलेली टोकं अशी बेमालूम जोडतं की मध्ये काही होतं असं कुणाच्या मनातही येऊ नये. आणि बाहेर पडलेला तुकडा? त्याचीही दोन टोकं पुष्कळदा एकमेकांना जोडली जातात, आणि तो एक छोटं कडं होऊन पेशीत फिरत राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रुपाली पुस्तक मिटून खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत बसली होती.

रुपालीच्या जिवाचं कापणारं एन्झाइम चार भागांचं होतं. दोन भाग एका जातीचे, दोन दुसऱ्या जातीचे. प्रयोगशाळेत त्यांची नावं पडली होती कापणारा आणि धरणारा. सुरी काय ती कापणाऱ्याकडे. धरणाऱ्याकडेही फार पूर्वी ती असावी, दोघं एकाच मुळातून आलेले. पण पिढ्यान् पिढ्या जाता जाता त्याची सुरी गेली आणि तो नुसता धरून उभा राहायला उरला, असं जगभरच्या पुस्तकांत लिहिलेलं. गंमत अशी की हा नुसता उभा नसेल तर कापणाऱ्याला एक रेघ कापता येत नाही. रुपालीने काय केलं, तर कापणाऱ्याची सुरी बोथट केली. जनुकात एक अक्षर बदललं की होतं ते. तो बोथट कापणारा एकटा ठेवला, काही कापलं गेलं नाही. धरणारा एकटा ठेवला, काही नाही. दोघांना एकत्र ठेवलं आणि धागा कापला गेला! हळू, रमतगमत, पण कापला गेला. म्हणजे सुरी धरणाऱ्याकडेच होती; कुणी त्याला विचारलं नव्हतं इतकंच. त्या दिवशी रुपाली परळहून लालबागपर्यंत पुलाखालून जवळजवळ पळत गेली होती. आई भाकऱ्या थापत होती. रुपालीने तिला ओट्याशी उभं राहून सगळं सांगितलं, हातवारे करून, पोळपाट-लाटणं हातात घेऊन. लक्ष्मीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजे जो नुसतो धरून ऱ्हवता, तेच्याकडे पण सुरी आसा?" "हो गं आई!" "माका कोणी इचारूकच नाय. नायतर मी कधीच सांगलं असतंय." मायलेकी दोघी त्यावर इतक्या हसल्या की शेजारचे डोकावले.

तेव्हापासून हा शोध रुपालीला शोध वाटेनासाच झाला होता. घरातलीच एक गोष्ट वाटायची. दारात उभी राहून, पदराला हात पुसत, वडिलांचं बोलणं ऐकणारी आई तिला आठवायची. संपाच्या कथा वडिलांच्या, युनियनच्या सभा वडिलांच्या, शिव्या वडिलांच्या. आई बोलायची नाही. आई फक्त असायची. ती दोन दिवस माहेरी गेली की घर ठप्प व्हायचं, वडिलांचा आवाजसुद्धा घरात नीट चालायचा नाही. आणि तरी कुणी विचारलं की घाडींच्या घरात कर्तं कोण, तर बोट वडिलांकडेच जायचं. रुपालीला वाटायचं, बघा आता. आता जगभरच्या पुस्तकांत दुरुस्ती होणार. आणि ती दुरुस्ती खरंच होऊ घातली होती. शोधनिबंध स्वीकारला गेला होता, छापण्याआधीची शेवटची प्रत आज संध्याकाळपर्यंत बघून परत पाठवायची होती. पुढच्या महिन्यात तिचा प्रबंध, मग जर्मनीतली जागा, तीही ह्याच शोधावर मिळालेली. आणि आज दुपारी चार वाजता उर्मिला मॅडमचं निवृत्तीचं व्याख्यान होतं. तेही ह्याच शोधावर. "माझं शेवटचं काम आणि सगळ्यात सुंदर काम," असं मॅडम महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या. त्यांनी स्वतः फोन करून रुपालीच्या आईला बोलावलं होतं.

आणि आता भिवा म्हणत होता, राहतो थोडा. रुपाली जिना चढून संस्थेच्या चौथ्या मजल्यावर आली. मण्यांची गोष्ट अशी. प्रथिन शुद्ध करायचं तर ते ह्या निकेलच्या मण्यांच्या नळीतून सोडतात. हवं ते मण्यांना चिकटतं, नको ते वाहून जातं, मग हवं ते सोडवून घ्यायचं. उर्मिला मॅडमनी संशोधन सुरू केलं त्या काळात हे मणी परदेशातून यायला सहा-सहा महिने लागत. तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेत मणी टाकून द्यायची पद्धतच नाही. धुवायचे. कडक मिठाच्या पाण्याने धुवायचे, मग साध्या पाण्याने, आणि कागद चिकटवायचा, धुतलं. सगळ्या संस्थेत ह्यावर थट्टा चाले की विजयकर मॅडमच्या घरी फणसवाडीत चहाची पूडसुद्धा वाळत घालतात. वेगवेगळ्या प्रथिनांना वेगवेगळ्या नळ्या, हा नियम होता. पण कापणारा आणि बोथट केलेला कापणारा ह्यांना एकच नळी. "भावंडंच ती," मॅडम म्हणायच्या, "जेवू देत एका ताटात." रुपालीनेही तेच केलं होतं. आधी धारदार कापणारा, मग धुतलं, मग बोथट. आणि हा कापणारा काय साधासुधा होता? कढत पाण्यातला जीव तो. दूध नासावं तशी बाकीची सगळी प्रथिनं ज्या आचेवर गोळा होतात, त्या आचेवर हा बाबा मजेत असतो. मिठाच्या पाण्याला तो काय भीक घालणार! दोन-चार कण मण्यांना चिकटून राहिले असतील, बोथटाबरोबर बाहेर आले असतील. एकटे होते तोवर गप्प, कारण धरायला कुणी नव्हतं. धरणारा भेटला आणि त्यांनी आपलं काम सुरू केलं. हळू, कारण होतेच किती! तो हळूपणा रुपालीला म्हाताऱ्या धरणाऱ्याचा स्वभाव वाटला होता. तिने त्यावर निबंधात एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. आणि पद्धतीच्या भागात, मणी कुठले, ह्यापुढे लिहिलं होतं, ताजे. का लिहिलं? सगळे तसंच लिहितात म्हणून. हात तसाच वळला म्हणून. लिहिताना ती खोटं बोलते आहे असं तिला वाटलंसुद्धा नव्हतं, आणि आता ह्या एका शब्दाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

कदाचित आपण उगाच घाबरतोय, असंही वाटून गेलं. खात्री करून घेता येण्यासारखी होती. 'धुतलं' लिहिलेल्या नळीतून नुसतं पाणी सोडायचं, ज्या पाण्याने चिकटलेलं सुटतं ते. त्याचे थेंब धरायचे. त्यात धरणारा टाकायचा, धागा टाकायचा, पासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवायचं. नळी खरोखर धुतलेली असेल तर काही कापलं जाणार नाही, आणि मग भिवाला जाऊन एक चांगली शिवी घालायची. बोथट कापणारा तिने मुद्दाम घेतलाच नाही. साडेअकराला तिने सगळं सुरू केलं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, सगळे खाली हॉलमध्ये फुलं लावायला गेले होते. तापवायच्या ठोकळ्यात तिने छोट्या नळ्या उभ्या केल्या आणि स्टूल ओढून शेजारी बसली. खरं तर बसायचं काही काम नव्हतं. पण तापाच्या माणसाशेजारी बसतात तशी ती बसली.

ठोकळ्याच्या कडेने ऊब येत होती आणि तिचे डोळे जड झाले. हा जीव तिने स्वतः आणला होता, आईच्या माहेरच्या गावाखालच्या उन्हाळ्यातून. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. दगडी कुंड, कडेला शेवाळ, कुजक्या अंड्यांचा वास, आणि पाण्यावर वाफ अशी धरलेली की पलीकडची माणसं कमरेपासून वरच दिसायची. ती पाच-सहा वर्षांची असेल. आईने तिला दोन्ही काखांत हात घालून कुंडावर धरलं होतं, पायाचे तळवे जेमतेम पाण्याला लागतील इतकं. चटका बसला की पाय वर, गार वाटलं की पाय खाली. "सोडू नको गो!" ती ओरडायची. "सोडीन कशाक? धरलंय मा?" आईचा आवाज वाफेतून यायचा, चेहरा दिसायचा नाही. फक्त काखेतले दोन हात. सव्वीस वर्षांनी त्याच कुंडातला चिखल तिने काचेच्या बाटलीत भरला तेव्हा आई काठावर उभी राहून विचारत होती, "ह्या पाण्यात जिवंत काय ऱ्हवतला गो?" आणि रुपालीने सांगितलं होतं, राहतं आई, आपण नव्हतो तेव्हापासून राहतंय. आता डुलकीत तिला वाटलं, ती त्याच कुंडात खाली खाली चालली आहे. पाणी पोळत नाही. धागे तरंगताहेत, वळताहेत, स्वतःवरच दुमडून स्वतःलाच धरताहेत, आणि दुमडताना दोन जागी थोडे फुगताहेत. चार भागांचं काहीतरी शांतपणे येतं, धाग्याला मिठीत घेतं. कोण कापतंय, कोण धरतंय, काही कळत नाही. सगळेच हात. ती विचारते, सुरी कुणाकडे आहे? खरं सांगा. आणि कुणी उत्तर देत नाही, कारण तिथे बोलायची पद्धतच नाही. किती बरं वाटत होतं तिथे! वर यावंसंच वाटत नव्हतं. घड्याळाने टिंग केलं आणि ती दचकून सरळ झाली.

धागे जेलच्या पारदर्शक थरात सोडून वीज लावली. आता सव्वा तास. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. न कापलेला धागा असेल तर एकच रेघ, कापला असेल तर खाली आणखी रेघा. निळा रंग जेलमधून खाली सरकू लागला आणि तो बघता बघता तिला वडिलांची नखं आठवली. रंगखात्यातल्या माणसांची नखं कधीच नखांच्या रंगाची नसत. कधी हिरवी, कधी मोरपंखी, दिवाळीच्या आधी लालभडक. सात वर्षांची असताना त्यांनी तिला एकदा खात्यात नेलं होतं. केवढ्या टाक्या, केवढी वाफ! एक टाकी नुकतीच रिकामी करून धुतली होती. तिला ती आरशासारखी स्वच्छ दिसली. तिने विचारलं, आता ह्यात पांढरं कापड घालणार? वडील मोठ्याने हसले होते. "खुळी काय तू? टाकी डोळ्यांक साफ दिसता, कापडाक नाय." आधी चिंध्यांचा एक फेरा मारायचा, मग दुसरा. चिंधी पांढरी आली तरच पुढचं कापड. हे तिला सातव्या वर्षी ठाऊक होतं. संस्थेतल्या कुणालाही ठाऊक नसेल इतकं पक्कं ठाऊक होतं, बापाच्या तोंडून ऐकलेलं. मग सहा वर्षं ते गेलं कुठे? मॅडमच्या इंग्रजीपुढे, त्या चकचकीत नळ्यांपुढे तिला गिरणीतलं काही इथे आणावंसंच वाटलं नव्हतं का? तिने बापाचा तो अख्खा काळ कापून बाजूला टाकला होता आणि टोकं इतकी छान जोडली होती की मुलाखतीत ती म्हणायची, माझे वडील टेक्सटाइलमध्ये होते. तिला रडू आलं. एकटीच होती, रडून घेतलं.

पावणेदोनला तिने फोटो काढला. पहिल्या घरात नुसता धागा, एक रेघ. दुसऱ्यात धागा आणि धरणारा, एक रेघ. तिसऱ्यात धुतलेल्या नळीचं पाणी, धागा आणि धरणारा. तिथे रेघ फिकट झाली होती आणि तिच्या खाली तीन नव्या रेघा होत्या, बारीक, स्वच्छ, अगदी निबंधातल्या चित्रातल्यासारख्या. बोथट कापणारा तिथे नव्हताच. धरणाऱ्याकडे सुरी नव्हती. तिची धरणाऱ्यावरची सगळी माया खोटी नव्हती, पण शोध खोटा होता. ती त्या रेघांकडे बघत राहिली आणि तिला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर आईला कसं सांगू. जर्मनी नंतर आठवली.

उर्मिला मॅडम आपल्या खोलीत टेबलाचे खण रिकामे करत होत्या. अबोली रंगाची रेशमी साडी, केसात मोगरा, गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या बायकांना शोभतो तसा ताठ कणा. "ये, ये. जेवलीस का? घरून पॅटिस आणलेत, घे." "मॅडम, दोन मिनिटं." "दोनच आहेत हं माझ्याकडे. आमचे शशिकांत खाली येऊन बसलेतसुद्धा, त्यांना कुठे दम असतो." रुपालीने फोटो टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा लावला. "हे कशाचं?" "धुतलेल्या मण्यांच्या कॉलममधून नुसतं पाणी सोडलं. त्यात धरणारा टाकला. बाकी काही नाही." चाळीस वर्षं अशा रेघा वाचलेली बाई ती, त्यांना ओळखायला एक श्वास पुरला. त्यांचं बोट तिसऱ्या घरावर गेलं, तिथे थांबलं आणि परत आलं. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "आजचं?" "आत्ताचं." "कुणाला दाखवलंस?" "कुणालाच नाही." मॅडमनी फोटो उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "हे तू मला उद्या दाखव." "पण मॅडम, उद्या तुम्ही इथे—" "घरी ये फणसवाडीत. सकाळी ये, नाश्ता करू." "आणि प्रत? ती आज जायचीय. त्यात मी ताजे मणी लिहिलंय, मॅडम." "एकदा केलेला प्रयोग म्हणजे प्रयोग नव्हे, हे मीच शिकवलंय ना तुला? तीनदा कर. मग बोलू." त्यांचा आवाज इतका मऊ होता की रुपालीला त्यांचा रागही धड करता येईना. प्रत्येक शब्द बरोबर होता. तीनदा करायला हवंच होतं. आणि तरी, दाराकडे वळताना तिने मागे पाहिलं, तर मॅडम त्या उलट्या फोटोवर तळहात ठेवून बसल्या होत्या आणि त्यांचा तो कणा मघाइतका ताठ राहिला नव्हता. बिचाऱ्या! असं रुपालीच्या मनात आलं, आणि मग लगेच, आणि मी?

चार वाजता हॉल भरला होता. पुढच्या रांगेत मॅडमचे यजमान शशिकांत विजयकर, पांढऱ्या सफारीत, आल्यागेल्याला नमस्कार करत. शेवटच्या रांगेत दाराजवळ आई. मोरपंखी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. रुपाली तिच्याजवळ गेली तेव्हा ती कुजबुजली, "थयसर पुढे बस गो तू. माझा काय काम तुझ्या लोकांत?" "आई, इथेच बस हां, उठू नको." "मी कशाक उठतंय?" रुपाली चौथ्या रांगेत जाऊन बसली. मॅडम इंग्रजीत बोलू लागल्या. काय बोलत होत्या! आटीव, लखलखीत, मध्येच सगळ्यांना हसवून पुन्हा गंभीर करणारं. पृथ्वी कोवळी असतानाचं पाणी, त्यातले पहिलेवहिले धागे, चार भागांचं ते एन्झाइम पडद्यावर निळ्या आणि केशरी रंगांत हळूहळू फिरत होतं आणि रुपालीला ते आपल्या घरातल्यासारखं ओळखीचं वाटलं. निळा धरणारा, केशरी कापणारा. मॅडम कुठे थांबतील ह्याकडे ती कान लावून होती. कदाचित त्या म्हणतील, इथवर आम्हाला कळलंय, पुढचं अजून तपासायचं आहे. एवढं म्हटलं तरी चाललं असतं. एवढंच म्हणा ना मॅडम, ती मनात म्हणत होती, एवढंच. पडद्यावर तिच्या रेघा आल्या. निबंधातल्या. मॅडम मध्येच पाणी प्यायल्या, आणि मग त्यांचं बोलणं पूर्वीसारखंच चालू झालं. ज्याला आपण सगळे नुसता धरणारा समजत आलो, त्याच्याकडेही सुरी आहे, त्या म्हणाल्या. आणि हे माझं काम नाही. हे काम गिरणगावातल्या एका मुलीचं आहे. रुपाली, उभी राहा.

ती उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या. माना वळल्या, शशिकांतराव तर खुर्चीतून अर्धे मागे वळून वाजवत होते. इतके लोक एकदम आपल्याकडे बघून हसले की माणसाला ऊब येते, ते तिलाही झालं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आता फक्त खाली बसायचं होतं. टाळ्या थांबल्या, मॅडमनी पुढचं चित्र लावायला हात नेला, आणि रुपाली उभीच. शेजारच्याने तिच्या कोपराला हात लावला. गुडघे वाकेनात. तिला काही ठरवल्याचं आठवत नव्हतं. फक्त आता बसलं तर पुन्हा उभं राहता येणार नाही, एवढं लख्ख कळत होतं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. नको, असं त्या डोळ्यांत होतं, आणि त्याच्या तळाशी आणखीही काहीतरी होतं, दमलेलं, वाट बघणारं. रुपालीने तोंड उघडलं. सहा वर्षं जी इंग्रजी वाक्यं ती घोकत आली होती त्यातलं एकही तिच्या मदतीला आलं नाही.

"मॅडम, ते मणी ताजे नव्हते," ती मराठीत म्हणाली. "धुतलेले होते. मी ताजे असं लिहिलं. जुना कापणारा त्यात राहिला होता, त्यानेच कापलं. धरणाऱ्याकडे काही सुरी नाही. चूक माझी आहे."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. ज्यांना मराठी येत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारू लागले, आणि ज्यांना येत होतं ते काही सांगेनात. मॅडमनी चष्मा काढला. पडद्यावरच्या रेघांकडे पाहिलं, मग हातातलं बटण टेबलावर ठेवलं आणि माइकपासून एक पाऊल बाजूला सरकल्या. "पुढे सांग," त्या म्हणाल्या, त्याही मराठीतच. एवढ्या माणसांत ती एकटी उभी होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. मग मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तासाभराच्या त्या इंग्रजीत आईला कळलेली ही पहिलीच वाक्यं होती. सगळं कळलं नसेल. चूक माझी आहे, एवढं कळलं असेल. मोरपंखी साडीतल्या लक्ष्मीबाई पर्स छातीशी धरून, कुणाकडेही न बघता, आपल्या जागी उभ्या राहिल्या होत्या.